दुसऱ्या मजल्यावरची होडी

आमच्या संगीत नाटकात सोळा गाणी, एक वादळ आणि एक होडी होती. गाणी बसवायला चार महिने लागले. वादळ माझ्या थोरल्या मेहुणीने ऑर्गनवर दोन रविवारांत बसवलं. होडीबद्दल मात्र मला सविस्तर बोललं पाहिजे, कारण आज मी त्या होडीचे उपकार मानतो, आणि तेव्हा मी तिला जे काही म्हणत होतो ते चार लोकांत सांगण्यासारखं नाही.

आमचं नाट्यमंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी जमणारी वीस-बावीस माणसं. त्यातले निम्मे नायक आहेत. उरलेल्यांना आपल्याला नायक का केलं नाही याचं कारण अजून कळलेलं नाही. आमचे जुने दिग्दर्शक लेकीकडे राहायला गेले आणि त्यानंतर तीन वर्षं आम्ही नाटकाबद्दल फक्त बोललो. तेव्हा वाचनालयाच्या सचिवबाईंचं पत्र आलं : या वर्षात नाटक झालं नाही, तर रविवारचा हॉल शिवणवर्गाला देण्यात येईल.

सभा बोलावली. दिग्दर्शन कोण करणार असा प्रश्न निघाला आणि सगळेजण छताकडे बघायला लागले. मी मंडळात अकरा वर्षं होतो आणि या काळात मी पडद्यामागून वाऱ्याचा आवाज काढत असे. माझा वारा चांगला होता, हे कोणीही सांगेल. पण माणसाला कधीतरी वाटतं, की आपण वाऱ्यापेक्षा मोठे आहोत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी बसवतो. नाटकही माझ्याकडे लिहून तयार आहे."

ते तयार नव्हतं. पण टाळ्या पडल्या होत्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, निदान मला विचारायचं तरी."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं," ती म्हणाली, आणि कपाटातून जुन्या चादरी काढायला लागली. समुद्र करायला त्या लागतील हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती आमच्या घरातली पद्धतच आहे.

नाटक मी तीन आठवड्यांत लिहिलं. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा नावाडी, आणि दुसरा अंक सबंध होडीत. नायक आमचे दातांचे डॉक्टर. त्यांचा आवाज भरदार आहे आणि सरावाची त्यांना कधी अडचण येत नाही, कारण दवाखान्यात ते गातात तेव्हा समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी त्याला हरकत घेता येत नाही. नायिका चौकातल्या औषधवाल्या बाई. ऑर्गनवर मेहुणी. तिला मंडळात सगळे ताई म्हणतात आणि मीही म्हणतो, भीतीने.

आता सरकारी परवानगी. परवाना कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, "संगीत की नाटक?"

"संगीत नाटक."

"एकच काहीतरी सांगा. संगीत असेल तर दुसरा मजला, ध्वनी विभाग. नाटक असेल तर इथंच."

"दोन्ही आहे हो."

"असं कसं दोन्ही?" तो मनापासून चक्रावला होता. "जास्त काय आहे?"

मी स्वतः मोजणी खात्यात नोकरी करतो. लोकांच्या जमिनींची मापं घेण्यात माझी हयात गेली. त्यामुळे 'जास्त काय आहे' हा प्रश्न मला अपमानास्पद वाटला नाही, रास्त वाटला. पुढच्या रविवारी मी घड्याळ लावून सबंध नाटक मोजलं. गाणं एकावन्न टक्के निघालं. म्हणजे दुसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर समजलं, की निम्म्याच्या वर गाणं असेल तर प्रत्येक गाण्याचा वेगळा अर्ज. सोळा गाणी, सोळा अर्ज, आणि प्रत्येकासोबत गाण्याच्या तीन प्रती.

एक गाणं कापावं असं मी सुचवलं. डॉक्टर म्हणाले, "कापा, पण माझं नको." बाई म्हणाल्या, "माझं कापलंत तर मी उभी राहून नुसती बघत बसू का यांच्याकडे?" ताईने ऑर्गनचं झाकण लावलं. तेव्हा मी बोलणं वाढवलं. रखवालदार आणि त्याची मुलगी वाऱ्याच्या दिशेबद्दल चार मिनिटं चर्चा करतात, तो प्रवेश पुढे काहींना फार आवडला. त्यांना तो का लिहिला गेला हे मी सांगितलं नाही.

बोलणं बावन्न टक्के करून मी पुन्हा खिडकीपाशी गेलो. कारकुनाने सगळं तपासलं. शिक्का उचलला. मग शिक्का खाली ठेवला.

"यात होडी आहे?"

"आहे."

"मग जलवाहतूक खात्याचं ना-हरकत लागेल."

"अहो, ती पाण्यात नाही जाणार! लाकडाची खोटी होडी आहे."

"ते त्यांना सांगा."

मी गेलो आणि त्यांना सांगितलं. तिथले साहेब पोक्त आणि सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, दोन वेळा चष्मा पुसला आणि स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला : 'सदर होडी तरंगत नाही, सबब ती बुडण्याचा संभव नाही.' इतकं निर्दोष वाक्य मला माझ्या नाटकात एकदाही लिहिता आलेलं नाही.

त्या दाखल्यावर परवानगीचा शिक्का पडला. आता होडी. हॉलमध्ये ती बनवणं शक्य नव्हतं, कारण शिवणवर्गाने आधीपासूनच सोमवार ते बुधवारची जागा धरली होती आणि त्यांची रविवारवर नजर होती. सुतार म्हणाला, "साहेब, कोरडी खोली पाहिजे आणि पंधरा दिवस कोणी हलवाहलव करायची नाही." मी म्हणालो, "आमचा दिवाणखाना घ्या." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सोफा भिंतीला लावला.

पंधरा दिवस आम्ही होडीच्या कडेने राहिलो. अकरा फूट लांब, साडेचार फूट रुंद, पुढे उंच वळलेलं नाक. चहाला आलेली माणसं सोफ्यापेक्षा होडीत बसणं पसंत करत. मुलीने परीक्षेचा अभ्यास त्यात केला आणि तिला बरे गुण पडले. समोरच्या दारात राहणारे प्रोफेसर रोज संध्याकाळी पाहणी करून जात. ते तर्कशास्त्र शिकवत आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना ते शिकवायला कोणी मिळत नव्हतं. "वल्ही लांब हवीत," ते म्हणत. "मुळात नावाडी प्रेमात असेल तर तो वल्ही मारेलच कशाला?"

प्रयोग रविवारी दुपारी. शनिवारी सकाळी हातगाडी बोलावली, डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले, आणि आम्ही चौघांनी होडी आडवी करून उचलली. दारातून ती सुरेख निघाली. नाक बाहेर गेलं, अर्धी होडी बाहेर गेली, आणि नाक जाऊन प्रोफेसरांच्या दाराला टेकलं. आमच्या दोन दारांमधलं अंतर साडेपाच फूट आहे. जिना डावीकडे वळतो. होडी वळत नाही.

आतून प्रोफेसरांनी विचारलं, "कोण आहे?"

"होडी," डॉक्टर म्हणाले.

प्रोफेसरांनी दार उघडलं. होडीचं नाक चार इंच त्यांच्या घरात गेलं. त्यांनी ते शांतपणे न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे कोणी माप घेतलंच नव्हतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोजणी खात्यात सत्तावीस वर्षं. मी सुताराकडे बघितलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही होडी करायला सांगितली. बाहेर काढायचं बोलला नव्हता."

मग सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, दाराची चौकट काढा. सुतार म्हणाला, होडी मधून कापू, दोन दिवसांत परत जोडून देतो. प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. प्रोफेसर म्हणाले, होडीवाचून दुसरा अंक करता येईल का याचा विचार व्हावा, म्हणजे ती दोघं पोहत आहेत असं दाखवता येईल. त्यावर औषधवाल्या बाईंचा जिन्यातून आवाज आला, "मी पोहणार नाही!"

शेवटी ठरलं, की बाल्कनीतून उतरवायची. बाल्कनीची दोन्ही दारं काढली, होडी मागे घेतली, तिला दोर बांधले. दोर म्हणजे कपडे वाळत घालायचेच, पण चौपदरी केलेले. मी, डॉक्टर, सुतार, प्रोफेसर आणि हातगाडीवाला अशा पाच जणांनी दोर धरले. खाली रस्त्यावर बायको लोकांना बाजूला करत होती. नाक कठड्यावरून पलीकडे गेलं, मग पोट गेलं, मग एकदम सगळीच गेली, आणि आम्ही पाचहीजण कठड्याला जाऊन चिकटलो.

होडी एक मजला खाली गेली आणि तिरकी होऊन लटकली. खाली जाईना, वर येईना. डॉक्टर ओरडत होते "ओढा", सुतार ओरडत होता "सोडा", आणि मी दिग्दर्शक या नात्याने दोन्ही ओरडत होतो.

ती जिथं अडकली ती पहिल्या मजल्यावरच्या काकांची खिडकी होती.

इथं मला एक कबुली द्यावी लागेल. काकांचं आणि माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या छताला ओल आली होती आणि त्यांनी मला दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं, की पाणी तुमच्या न्हाणीघरातून येतं आहे, बघावं. मी दीड पानी उत्तर पाठवलं. 'आपल्या पत्रातील मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही' अशी त्याची सुरुवात होती. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो, की ते एका बाजूची भिंत बघत, मी दुसऱ्या. ते काय काम करत होते, कुठून निवृत्त झाले, हे मला माहीत नव्हतं. कुठल्यातरी कचेरीत असतील असं मी धरून चाललो होतो.

खालची खिडकी उघडली. होडीला लागून ती अर्धीच उघडली.

"वर कोण आहे?"

डॉक्टरांनी मला कोपराने ढोसलं. "मी," मी म्हणालो.

खालून प्रश्न आला, "दोर कशाला बांधलाय?"

"पाच जणांनी हातात धरलाय."

"पाचही जणांनी?"

"हो."

"कोणी काही करू नका. ओढू नका, सोडू नका, बोलू तर अजिबात नका. मी येतो."

दोन मिनिटांत ते वर आले. बनियनवर सदरा, पायात सपाता, खांद्यावर जाड दोराचं वेटोळं आणि हातात कातडी मोजे. वयाने अडुसष्ट-सत्तर. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आधी बाल्कनीचा खांब हाताने थोपटून बघितला. मग वाकून होडीच्या दोन टोकांना बांधलेल्या आमच्या दोरांना आपला दोर अडकवला, त्याचे खांबाला दोन वेढे दिले, आणि म्हणाले, "आता तुम्ही सोडा."

"सगळे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे."

आम्ही सोडलं. होडी जागची हलली नाही. एका माणसाच्या हातात, दोन वेढ्यांवर, ती सरळ झाली, आडवी झाली, आणि लिफ्टसारखी खाली गेली. हातगाडीवर टेकताना आवाजसुद्धा झाला नाही. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मोजे काढले.

"काका, हे तुम्ही कुठं..."

"सव्वीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली," ते म्हणाले. "बोटीची इंजिनं उतरवलीत. ही तर होडी आहे." मग जिन्याकडे जाता जाता थांबले. "उद्या स्टेजवर ही हलणार कशी?"

"खाली चाकं आहेत. आतून डॉक्टर पायाने ढकलणार."

काकांनी डॉक्टरांचा आकार बघितला. डॉक्टर चांगले भक्कम आहेत. "मी येतो बरोबर," काका म्हणाले.

हॉलमध्ये त्यांनी स्टेजवर एक गोटी ठेवली. गोटी घरंगळत प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत गेली. आमचं स्टेज पुढे उतरतं आहे हे आम्हाला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मग ते गुडघ्यांवर बसून होडीच्या बुडाला दोरासाठी कड्या मारायला लागले आणि मी शेजारी बसून खिळे देत होतो. अकरा वर्षं वारा, चार महिने दिग्दर्शन, आणि आता खिळे. पण मला ते काम बरं वाटत होतं. चौथा खिळा देताना मी म्हणालो, "काका, ते पाणी आमच्याच न्हाणीघराचं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पाणी खालून वर चढत नाही. हातोडी द्या."

मी हातोडी दिली. चार वर्षांचं प्रकरण तिथं मिटलं. एवढ्या एका ओळीसाठी मी दीड पान लिहिलं होतं.

रविवारी हॉल भरला. पहिली रांग सबंध शिवणवर्गाची होती. त्या बायका हॉल आपल्याला मिळतो की नाही हे बघायला आल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. पहिला अंक पार पडला. वाऱ्याच्या दिशेची चर्चा रखवालदाराने चार मिनिटांऐवजी नऊ मिनिटं केली, कारण त्याला पुढचं आठवेना, आणि प्रत्येक वेळी तो "पण उत्तरेकडून आला तर?" असं म्हणून पहिल्यापासून सुरू करत होता.

मध्यंतरात काका मला म्हणाले, "अडचण आहे. मी या बाजूच्या विंगेत दोर धरणार. इथून मला होडीचं पुढचं चाक दिसत नाही. पलीकडच्या विंगेत खूण करणारं माणूस पाहिजे."

"मी उभा राहतो."

"तुम्ही ओढाही म्हणता आणि सोडाही म्हणता," ते म्हणाले, आणि पडदा बाजूला करून तिसऱ्या रांगेत बसलेल्या काकूंना हाक मारली. "अगं, जरा इकडे ये."

काकू पर्स सांभाळत आत आल्या. काकांनी त्यांना तीन खुणा शिकवल्या. बोट गोल फिरवलं की ओढ. तळवा खाली केला की सावकाश. तळवा समोर धरला की थांब. काकूंनी तिन्ही करून दाखवल्या आणि पर्स माझ्या हातात दिली.

दुसरा अंक सुरू झाला. निळ्या चादरींचा समुद्र, त्याची टोकं बायको आणि मुलगी हलवत होत्या. होडी निघाली. डॉक्टर आणि बाई आत, अकरावं गाणं, दोघांचं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्याला खालून 'कट्' असा आवाज आला आणि पुढचं चाक निसटून, एकटंच, चादरीतून बाहेर पडून शिवणवर्गाच्या पायाशी गेलं. होडी नाकावर आली आणि प्रेक्षकांकडे घसरायला लागली. पहिल्या रांगेने पाय वर घेतले.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, दिग्दर्शकाने ते मिटायचे नसतात, पण मी मिटले.

उघडले तेव्हा होडी स्टेजच्या काठावर थांबली होती. समोरच्या विंगेत काकूंचा तळवा सरळ समोर धरलेला होता आणि माझ्या बाजूला काका दोराचे दोन वेढे खांबाला घालून मागे रेलले होते. काकूंनी तळवा खाली केला. काकांनी हळूच ताण घेतला. नाक वर उचललं गेलं, थांबलं, पुन्हा खाली आलं. एक बाजू, मग दुसरी बाजू. होडी लाटांवर होती. शपथेवर सांगतो, चाकांवर ती कधीच तशी चालली नसती.

ताईने हे पाहिलं आणि वादळ दोन पानं आधीच आणलं. बाईंनी डॉक्टरांना घट्ट धरलं, चार महिने त्या नुसता खांद्याला हात लावत होत्या. आणि डॉक्टरांना शेवटचा वरचा स्वर सरावात एकदाही लागला नव्हता, तो भीतीने असा लागला की मागच्या रांगेतल्या माणसाने हातातला कागदी पंखा खाली ठेवला. हॉल इतका शांत झाला की मला दोराचा करकर आवाज ऐकू आला. तो समुद्रावर शोभत होता.

हातात पर्स धरून मी उभा होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच येत होतं, की यातलं काहीही मी बसवलेलं नाही.

पडदा पडला, पुन्हा वर गेला, पुन्हा पडला. शिवणवर्गातल्या बाईंनी चाक परत आणून दिलं आणि विचारलं, "हे दर वेळी निघतं का? छान दिसतं." सचिवबाई स्टेजवर येऊन म्हणाल्या, की रविवार मंडळाकडेच राहील आणि शिवणवर्गाला गुरुवारची संध्याकाळही देऊ. मग मी आभार मानले. सुताराचे, डॉक्टरांचे, बाईंचे, ताईचे, जलवाहतूक खात्याचे. बायकोचं नाव घेतलं, तेव्हा ती चादरींच्या घडीमागून म्हणाली, "पुरे आता, लोकांना घरी जायचंय." काकांना स्टेजवर बोलावलं. ते आले नाहीत. विंगेत उभं राहून दोर गुंडाळत राहिले.

लोक गेले. सगळे हॉलमध्येच चहा घेत बसले. मी काकूंची पर्स परत करायला विंगेत गेलो. "काकू, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. तुमचा हात एक क्षण उशिरा वर गेला असता तर..."

"आभार मी मानायचे तुमचे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या औपचारिक बोलताहेत. पण त्या काकांकडे बघत होत्या. "सव्वीस वर्षं हे सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी यायचे. बंदरावर घरच्यांना आत सोडत नसत. काय करता विचारलं तर म्हणायचे, वर बसतो आणि सामान उतरवतो. काल वाटलं आता दिसेल, तर खिडकीत नुसती तुमची होडी. यांना काम करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं."

काका पुटपुटले, "त्यात बघण्यासारखं काय आहे?"

काकू जवळची एक खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वेटोळ्याकडे. गुंडाळून झालेला तो सगळा दोर त्यांनी पुन्हा जमिनीवर सोडला, मोजे नीट चढवले, आणि पहिल्या टोकापासून, अगदी सावकाश, गुंडाळायला घेतला.